दोनदा टकटक

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात जगाची काळजी करायला माझ्याइतका मोकळा माणूस अख्ख्या चेन्नईत दुसरा नसेल. मोकळा म्हणजे तसा कामाला होतो. पेरुंगुडीच्या एका कंपनीत दिवसभर प्रोग्रॅम लिहीत असे. पण लिहिलेला प्रोग्रॅम मशीनवर चालून बाहेर पडायला चार-पाच मिनिटं लागत आणि तेवढ्यात मी एक युद्ध, एक साथ आणि एखादा वितळता हिमनग वाचून संपवत असे. संध्याकाळपर्यंत माझा चेहरा असा होई की साहेब विचारत, बरं नाही का? मी म्हणे, मला बरं आहे, जगाला नाही.

डब्याच्या टेबलावर माझ्याशेजारची खुर्ची रिकामी राहू लागली होती. वर्ल्ड कप नुकताच हातातून गेला होता आणि बिचाऱ्यांना त्याचं दुःख करायचं होतं. मी त्यांना खरं दुःख कशाचं करायला हवं ते समजावून सांगत असे. सह्यांच्या मोहिमांचे ई-मेल मी इतक्यांना पाठवले होते की एकाने मला उत्तरात फक्त 'भावा, दया कर' एवढंच लिहिलं. सांगलीला आईला दर रविवारी फोन करून तांदूळ, डाळी भरून ठेव म्हणून सांगत होतो. ती म्हणायची, "भरते हो. तू बनियनं नवीन घेतलीस का?"

राहायला तिरुवान्मियूरला होतो, एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत. खाली मालक, म्हणजे काका आणि काकू. तंजावरचं मराठी कुटुंब, कैक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं आणि मग तिथून चेन्नईला आलेलं. त्यांच्या बोलण्यात आमच्या जुन्या बखरींतले शब्द आणि ताजी तमिळ शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदत. 'पाहिजे'ला ते 'होणे' म्हणत. पहिल्याच दिवशी काकांनी "तुम्हांस कॉफी होणे का?" असं विचारलं. मी कॉफी प्यालो आणि भाड्याची घासाघीस करायची विसरलो.

काका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. एकुलती मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, इतिहास घेऊन. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. हे मी आत्ता जितक्या सहज लिहिलं तितक्या सहज ती ते वागवत असे. जिन्यात माझी चाहूल लागली की ती विचारी, "अण्णा, आज जग किती वाजता बुडणार? सहाच्या आत नको हं, सहाला मज क्लास आहे."

तिला शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी बी.ए.नंतर बी.एड. करायला हवं होतं. काकांचं म्हणणं वेगळं होतं. अपंगांच्या सवलतीतून बसस्टँडजवळ एक एसटीडी बूथ तिच्या नावाने मिळत होता. कागद मंजूर होऊन आला होता आणि जूनअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. काका वाईट नव्हते, ते फक्त घाबरलेले होते. आपल्यानंतर पोरीचं काय, हा एकच प्रश्न त्यांना पडत असे आणि बूथ हे त्याचं भिंतीसकट उत्तर होतं. शेवटी बापलेकीत ठरलं की पाचही पेपर एका दमात सुटले तर बी.एड., एक जरी राहिला तरी बूथ. ती मला म्हणाली, "दिवसभर खुर्चीत बसून मीटर बघायचा, अण्णा. आणि मीटर तरी कुठे दिसतो मज!" हसत म्हणाली, पण त्या हसण्यात दम नव्हता.

मी या भानगडीत पडलो तो माझ्या मोठ्या आवाजामुळे. सकाळी गच्चीच्या जिन्यात बसून मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असे. कुणासाठी नाही. वाईट बातमी मनातल्या मनात वाचली की मला ती नीट वाईट वाटत नसे. त्या उन्हाळ्यात नळ कोरडे पडले होते आणि पाण्याची लॉरी यायची तेव्हा मी घडा घेऊन रांगेतही हाच कार्यक्रम करायचो. मागच्या बायांना जगातल्या पाण्याची परिस्थिती सांगता सांगता माझा घडा पुढे सरकवायचा राहून जाई आणि त्याच बाया त्यांचे घडे पुढे सरकवून घेत.

एका सकाळी ती खालून म्हणाली, "अण्णा, एवढं वाचताच आहात, तर माझ्यासाठी वाचा की. घसा तोच बसणार."

अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं कॅसेटवर वाचून देणारी माणसं तेव्हा गावोगाव होती. तिची बरीच पुस्तकं अशीच कुणाकुणाच्या आवाजात भरलेली होती. राहिलेल्या तीन पुस्तकांना वाचणारं कुणी मिळत नव्हतं. त्यातलं एक आधुनिक जगाच्या इतिहासाचं होतं. कॅसेट जुन्याच. काकांनी स्तोत्रांच्या आणि कुणाच्या तरी लग्नातल्या नादस्वराच्या कॅसेटींच्या भोकांत कागदाचे बोळे कोंबून ठेवले होते, म्हणजे त्यांच्यावर पुन्हा रेकॉर्ड करता येई.

तिने मला वाचायची पद्धत समजावून दिली. परिच्छेद संपला की पेनने टेबलावर एकदा टकटक. आणि पुस्तकाच्या मजकुरात नसलेलं काही सांगायचं असलं, म्हणजे इथे नकाशा आहे, खाली तळटीप आहे, पान फाटलंय, तर आधी दोनदा टकटक. "दोनदा टकटक झालं की ते पाठ करायचं नाही, एवढं मज कळतं," ती म्हणाली. "बाकी अस्कं पाठ करायचं."

अस्कं म्हणजे सगळं. तिची स्मरणशक्ती भयंकर होती. एकदा ऐकलेलं पान ती तिसऱ्या दिवशी स्वल्पविरामासकट म्हणून दाखवी.

मी रोज ऑफिसच्या आधी तासभर वाचू लागलो. इंग्रजी पुस्तकं, इंग्रजीतच वाचायची. नकाशा आला की टकटक-टकटक, तळटीप आली की टकटक-टकटक. नियम मी अगदी काटेकोर पाळला. फक्त एक होतं. ते पुस्तक युद्धांनी, तहांनी, दुष्काळांनी ठासून भरलेलं आणि मी असा. एखादा तह वाचून झाला की मला राहवत नसे. त्याच सुरात, त्याच इंग्रजीत मी पुढे दोन वाक्यं बोलून जात असे की बघा, तेव्हाही हेच आणि आताही हेच. आणि त्या वाक्यांआधी मी टकटक केलं नाही. मुद्दाम नाही हो. नकाशा हा नकाशा असतो, तळटीप ही तळटीप. पण माझं जे म्हणणं होतं ते मला माझं म्हणणं वाटतच नव्हतं. ती मला वस्तुस्थिती वाटत होती.

एप्रिलमध्ये परीक्षा आली. तिला लेखनिक हवा होता. ती सांगणार, तो लिहिणार. लेखनिक वेगळ्या विषयाचा हवा अशी अट होती, आणि इंजिनिअरला इतिहास येत नाही याबद्दल कुणालाच शंका नव्हती. मी रजा टाकली. जगासाठी काही केलं नाही तरी एका मुलीसाठी पाच वेळा तीन-तीन तास लिहितोय, असा एक छानसा विचार मनात घेऊन मी पहिल्या पेपरला गेलो. आधुनिक जगाचा इतिहास.

आम्हाला वेगळी खोली होती. पर्यवेक्षक बाई समोर बसल्या. त्यांनी मला आधीच बजावलं, "ती सांगेल तेच लिहायचं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तुम्ही तिच्याशी काही बोललात तर मी पेपर काढून घेईन." त्यांच्या तोंडाकडे बघून ते त्या नक्की करतील हे कळत होतं.

पहिला प्रश्न पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाचा. ती सांगू लागली. काय सांगत होती! कलमांमागून कलमं, कारणांमागून कारणं, कुठे अडखळणं नाही. माझं पेन धावत होतं आणि मला अभिमान वाटत होता, कारण ही पानं माझ्या आवाजातून गेली होती. मग तिने श्वास घेतला आणि त्याच ठाम सुरात पुढचं वाक्य सांगितलं. त्याचं मराठी असं होईल, "आणि यातून मोठी माणसं काय शिकली? काही नाही. ती आजही थंडगार खोल्यांत बसून ठराव करत आहेत आणि इकडे माझ्या गल्लीत एका घड्यासाठी दोन बायका एकमेकींच्या झिंज्या उपटत आहेत."

माझं पेन थांबलं.

"लिहिलं?" तिने विचारलं.

बाईंनी मान वर केली. मी लिहिलं. तहाच्या कलमांखाली, विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेवर, माझ्या सर्वांत सुवाच्य अक्षरात, आमच्या गल्लीतल्या बायकांच्या झिंज्या. आणखी सांगतो. महामंदीच्या उत्तरात माझ्या कंपनीची कॉफी आली. महामंदीच्या काळातही लोक असेच कॉफी पीत गप्प बसले असतील, असं माझं मत होतं. वसाहतींच्या प्रश्नात तर ती शेवटी म्हणाली, "दहा वर्षांत आपण सगळे बादल्या घेऊन एकमेकांवर धावून जाऊ, हे मी आताच सांगून ठेवतो." सांगून ठेवतो! पाठ्यपुस्तकात 'मी'! ते तिला खटकलं कसं नाही? पण पुस्तक लिहिणारा स्वतःच बोलतोय, असं तिला वाटलं असणार. शेवटी नियमाप्रमाणे मी सगळं वाचून दाखवलं. बादल्या मी भरभर वाचून टाकल्या. ती समाधानाने मान डोलावत होती.

त्या तीन तासांत मला पहिल्यांदा कळलं की मी जे रोज बोलतो ते लिहिलेलं कसं दिसतं.

बाहेर आल्यावर फाटकाजवळच्या लिंबाखाली मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल. जगात दुसऱ्या कशावरही ती हसली असती. या वेळी ती हसली नाही. मग म्हणाली, "दोनदा टकटक का नाही केलंत?"

"मला ते खरंच वाटत होतं गं."

"खरं असेल, अण्णा. पुस्तकातलं नव्हतं ना!" तिच्या हातातली काठी फरशीवर आपटली. "बाबांनी बूथसाठी पंखा आणून ठेवलाय. खोक्यात आहे. मज सांगितलं नाही, पण मी हात लावून पाहिलाय."

मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. लाज वाटली की माझं जे होतं तेच झालं. मी एकदम मोठमोठं बोलू लागलो. मी विद्यापीठात जातो, कुलगुरूंना भेटतो, लेखी कबुली देतो, वर्तमानपत्राला पत्र लिहितो, अंध विद्यार्थ्यांच्या परीक्षापद्धतीबद्दल देशभर सह्यांची मोहीम—

"पोदुम," ती म्हणाली. पुरे. "अजून दोन पेपर तुमच्या आवाजात आहेत. कॅसेट किती?"

"अकरा."

"पुढच्या पेपराला?"

"चार दिवस."

"सेरी." म्हणजे ठीक. "मग घरी चला आणि बसा."

पुन्हा रेकॉर्ड करायला आणि तिने पुन्हा ऐकायला वेळ नव्हता. तेव्हा तिनेच युक्ती काढली. कॅसेट लावायची. मी पुस्तकावर बोट ठेवून शब्दाशब्दाने बरोबर जायचं आणि जिथे माझी बडबड सुरू होईल तिथे पेनने दोनदा टकटक करायचं. तेवढं ती डोक्यातून काढून टाकणार. असे आम्ही समोरच्या खोलीत बसलो. टेपमधून मी बोलत होतो आणि टेपबाहेर मीच टकटक करून स्वतःला खोटं पाडत होतो.

स्वतःचा आवाज इतका वेळ ऐकण्याची शिक्षा कुणालाही होऊ नये. काय तो सूर! पहिल्याच कॅसेटला काका आतून घाईघाईने बाहेर आले आणि हळूच विचारलं, "कोण वारलं?" काकूंनी कॉफी आणून ठेवली आणि तोंडाला पदर लावून परत गेल्या. पाचव्या कॅसेटमध्ये मी एका दुष्काळाच्या शेवटी लांबलचक उसासा टाकला होता. मी टकटक केलं.

"हा उसासा मज पाठ आहे," ती म्हणाली. पेपरानंतर ती पहिल्यांदा हसली होती. "पुढच्या पानावर अजून एक आहे. तिथेही करा."

होता.

चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. वर्तमानपत्रं जिन्यात तशीच पडून राहिली. लॉरी आली की आवाज ऐकून खाली जायचो, घडा वेळेवर पुढे सरकवायचो, भरून आणायचो आणि पुन्हा पुस्तकावर बोट. रांगेतल्या एका बाईने काकूंना विचारलं म्हणे, तुमच्या वरच्या माणसाला बरं नाही का, गप्प असतो. त्या आठवड्यात युद्धाचं काय झालं ते मला कळलं नाही. युद्धालाही माझं काही कळलं नसावं.

मला वाटायचं, शांत बसणारी माणसं दगड असतात. ती मुलगी शांत होती आणि दगड मुळीच नव्हती. रात्री जेवणही तिला जात नव्हतं, असं काकू सांगत. पण पुढची कॅसेट कुठली, एवढाच प्रश्न ती स्वतःला विचारू देत असे. तो सुटला की त्याच्या पुढची. मी तिच्याकडून हे शिकलो असं म्हणायला मला आवडेल, पण खरं म्हणजे तिने मला दुसरं काही करूच दिलं नाही. राहिलेल्या चार पेपरांत मी माझं एक अक्षरही ऐकलं नाही. जे आलं ते पुस्तकातलं. पण पहिला पेपर गेला होता तो गेलाच होता.

निकाल जूनच्या मध्याला लागला. तेव्हा निकाल नुकतेच इंटरनेटवर मिळू लागले होते आणि घरी कुठलं इंटरनेट! ती मला सकाळी नंबर सांगून म्हणाली, "अण्णा, ऑफिसात आधी हे बघा. जगाचं नंतर."

साईट उघडत नव्हती. सगळं शहर एकाच वेळी तिच्यावर तुटून पडलं होतं. अकराच्या सुमारास उघडली. नंबर टाकायला गेलो. दोनदा चुकीचा नंबर पडला. मी वर्षभर त्याच कीबोर्डवर बसून युद्धं वाचली होती, साथी वाचल्या होत्या, शहरंच्या शहरं बुडताना वाचली होती आणि माझं बोट कधी चुकलं नव्हतं. उलट जरा कॉफी आणून पुढचं पान उघडत असे. हे मला तिथे, खुर्चीत बसल्या बसल्या कळलं आणि फार वाईट वाटलं. इतके दिवस ज्याला मी काळजी म्हणत होतो ती काळजी नव्हतीच. मला काही गमवायचं नव्हतं, चूक करायची नव्हती, कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं. आता दाखवायचं होतं.

पान उघडलं. पाच ओळी. मी खालून वर वाचत गेलो, कारण वरच्या ओळीकडे बघायची हिंमत नव्हती. पास, पास, पास, पास. पहिला पेपर सगळ्यांत कमी, अगदी काठावर, पण पास. मी ती ओळ पट्टी लावून पुन्हा वाचली.

घरी फोन लावला. काकांनी उचलला. मी सांगितलं, "काका, पाचही सुटले."

मग त्यांनी फोन बाजूला धरून आत सांगितलं असावं, कारण तिचा आवाज आला, लांबून, जिन्यात ऐकू येई तसाच, "अण्णांना विचारा, पहिल्या पेपरात किती पडले? आणि त्यांतले त्यांचे किती?"

मी हसलो. काका हसले नाहीत. ते अगदी कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "मग बूथचं नको म्हणून आजच लिहून द्यायला होणे. उद्यावर टाकलं तर मी भिऊन जाईन." आणि फोन तसाच उघडा ठेवून ते काकूंना आपल्या चपला कुठे आहेत ते विचारू लागले.